खोडलेला गट

फेब्रुवारी आला की आमच्या ब्लॉकखालचं गवत पिवळं पडतं. सिंगापूरला ऋतूच नसतात, असं इथं नवीन आलेला प्रत्येक मराठी माणूस घरी फोन करून सांगतो. मीही सांगितलं होतं. पण वुडलँड्समध्ये थोडं राहिलं की कळायला लागतं. डिसेंबर-जानेवारीचा पाऊस ओसरतो, वारा कोरडा होतो, आणि वर्षभर हिरवं राहण्याची सक्ती असलेलं ते गवत थोडे दिवस मनासारखं वाळून घेतं. एमआरटी स्टेशनकडे जाताना ते बुटाखाली चुरचुरतं. तो आवाज आला की मला नसलेल्या डिझेलचा वास येतो. गेल्या वर्षी ह्याच दिवसांत मी एका स्पर्धेतला एक गट खोडून टाकला होता. पुढं जे झालं त्यातून मी अजून पुरती सावरलेली नाही.

स्पर्धा जुन्या ट्रॅक्टरांची. वजन ओढायची. मी सिंगापुरात बसून ट्रॅक्टरवर लिहितेय हे वाचून मिरजेतले माझे मित्र हसतील, आणि त्यांचं बरोबर आहे. इथं कुंडीतली मातीसुद्धा पिशवीत भरून विकत मिळते. उघड्या जमिनीवरून एखादी जड लोखंडी वस्तू फरपटत न्यावी असं मनात आलं, तर त्यासाठी ह्या देशात जागा नाही. पण पुलापलीकडच्या देशात, जोहोरमध्ये, पामतेलाच्या मळ्यांना लागून तांबडी मोकळी जमीन आहे, आणि फेब्रुवारीत ती चांगली टणक होते. म्हणून नियम ह्या बाजूला ठरतात आणि ट्रॅक्टर त्या बाजूला धावतात.

धावतात म्हणणंही चूकच. माणसाच्या चालीनं जातात.

मी श्रीकांतकाका आणि शैलाकाकूंच्या फ्लॅटमध्ये एक खोली भाड्यानं घेऊन राहते. नात्यानं ते माझे कोणी नाहीत. काका पुण्याचे, सदाशिव पेठेतले. शिपयार्डमध्ये इंजिनिअर म्हणून इथं आले, पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी, झाले, आणि निवृत्तीच्या तोंडावर एकाएकी जुन्या ट्रॅक्टरांच्या नादी लागले. त्याआधी त्यांनी शेत पाहिलं होतं ते एसटीच्या खिडकीतून. काकू तासगावकडच्या, द्राक्षबागेत वाढलेल्या. लग्नाआधी वडिलांचा ट्रॅक्टर त्याच चालवायच्या. पुढं इथं येऊन वर्षानुवर्षं एका कंपनीचे हिशेब तपासले. काकांनी जोहोरमध्ये हमीद नावाच्या मित्राच्या शेडमध्ये एक राखाडी विलायती ट्रॅक्टर आणून ठेवलाय, काकांहून वयानं मोठा. काकू त्याला 'माझी सवत' म्हणतात. 'सवतीला नवीन फिल्टर आणलात, मला मिक्सरचं भांडं कधी?' असं जेवताना विचारतात आणि काका खाली मान घालून आमटी ओरपतात.

मी वाढले पत्रकांवर. आईबाबा दोघंही पत्रकं काढायचे: पाण्यासाठी, पाळणाघरासाठी, बुवाबाजीविरुद्ध, कुणाला कामावरून काढलं म्हणून. पातळ गुलाबी आणि पिवळे कागद. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. उरलेल्या पत्रकात पोळी गुंडाळून शाळेत नेली की पोळीवर उलटा 'जाहीर निषेध' उमटायचा आणि मी तो बटाट्याच्या भाजीबरोबर खायचे. अन्याय करणारा माणूस कसा असतो हे मला लहानपणीच माहीत होतं. त्याचं नाव ठळक टाइपात असतं आणि त्याच्यापुढं उद्गारचिन्ह असतं. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीवर सिंगापूरला आले तेव्हा हे शहर मला पहिल्याच आठवड्यात आवडलं, कारण इथं प्रत्येक गोष्टीचा नियम भिंतीवर लिहिलेला असतो. दुरियन फळ घेऊन गाडीत चढू नये. सायकल हातात धरून चालावे. बाबांना हे फोनवर कौतुकानं सांगितलं. ते म्हणाले, पत्रक विनवतं आणि नियम दरडावतो, तू कुठल्या बाजूला निघालीस ते बघ. मी म्हटलं, नियम न्यायाचा असला तर दरडावू दे की.

ह्याच उत्साहात मी नियमांच्या कामात पडले. स्पर्धेचे कर्तेधर्ते अंकल टॅन. बस डेपोच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, कायम अर्ध्या चड्डीत, बोलताना समोरच्याच्या कपातली कॉफी संपवणारे. आदल्या वर्षी त्यांच्यावर एक अन्याय झाला होता. ट्रॅक्टरचं वजन चालकासकट धरतात. एका पठ्ठ्यानं वजनाच्या वेळी सीटवर आपला काडीसारखा भाचा बसवला, वाचलेल्या वजनात पुढच्या बाजूला लोखंड टांगलं आणि ओढायला स्वतः बसला. तो स्वतः म्हणजे दोन भाचे. अंकल टॅन दुसरे आले. तेव्हापासून त्यांना पक्के, लेखी, भोकं नसलेले नियम हवे होते. काका म्हणाले, आमच्या पत्रकबाईला द्या, भोकं शोधायचाच तिला पगार मिळतो.

आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकमध्ये, बुद्धिबळाचा पट कोरलेल्या दगडी टेबलाभोवती आम्ही बसलो. अंकल टॅननी कुठल्याशा परदेशी क्लबचे नियम इंटरनेटवरून उतरवून आणले होते. मी ते वाचत गेले आणि खरं सांगते, प्रेमात पडले. किती स्वच्छ विचार. ट्रॅक्टरामागं एक लोखंडी स्लेज, घसरत जाणारी गाडी, जोडायची. तिच्यावर वजनाची पेटी. ट्रॅक्टर पुढं जाईल तशी पेटी आपोआप पुढं सरकते आणि ओझं वाढत जातं. म्हणजे शेवटची रेषा अशी नसतेच. प्रत्येक जण कुठंतरी अडतो. कोण किती लांब जाऊन अडला, एवढंच मोजायचं. मला हे जगातल्या बऱ्याच गोष्टींपेक्षा प्रामाणिक वाटलं.

आणि गट वजनाचे. हलका ट्रॅक्टर हलक्यांत, जड जडांत. एकच ट्रॅक्टर लोखंड टांगून वरच्या गटातही उतरू शकतो, पण एका गटात एकदाच. ठरलेल्या सालानंतर बनलेला ट्रॅक्टर चालणार नाही. मूळ इंजिन हवं. टायरला साखळ्या नकोत. हुकाची उंची ठरलेली, कारण हुक वर घेतला की पुढची चाकं उचलली जातात आणि माणूस मागं उलटू शकतो. चालकानं ओढ संपेपर्यंत सीटवर बसून राहायचं. बूड उचललं की बाद. प्रत्येक नियमामागं कुणाचा तरी मोडलेला हात दिसत होता. मी त्यांत एक माझा घातला: वजनकाट्यावर सीटवर जी व्यक्ती बसेल, तीच त्या गटात ट्रॅक्टर चालवेल. अंकल टॅननी तो मोठ्यानं दोनदा वाचला आणि माझी कॉफी संपवली.

मग शेवटची ओळ आली. पावडर पफ गट.

मला वाटलं टायरला लावायची काही पावडर असेल. काकांना विचारलं तर ते सहज म्हणाले, अगं तो बायकांचा. जेवणाच्या सुट्टीत असतो. बायका नवऱ्याचा ट्रॅक्टर चालवतात, स्लेजची पेटी रिकामी ठेवतात, गंमत म्हणून. अंतर मोजत नाहीत, सगळ्यांनाच बक्षीस. मागं छत्री दिली होती, त्याआधी तवा. आमची शैला दरवर्षी जिंकते.

माझ्या कानांतून वाफ निघायची तेवढी बाकी होती. पाऱ्यासारखी घसरणारी पेटी, इंचात मोजलेला हुक, आणि शेवटी हे? तोंडाला लावायच्या पावडरीचं नाव? मी उभी राहून बोलले. भाषण केलं म्हणा ना. शेजारच्या टेबलावर पत्ते खेळणारे आजोबा थांबून बघायला लागले. ज्या गटात मोजत नाहीत तो गट नसतो, तो अपमान असतो. हा गट खोडा आणि सगळे गट सगळ्यांना खुले करा. अंकल टॅन म्हणाले, 'ओके लाह, वाय सो अँग्री.' आणि काकांनी तर टाळ्या वाजवल्या. अगदी बरोबर, म्हणाले, आम्हाला हे सुचायला हवं होतं. मी त्या ओळीवर पेन फिरवलं. आईला तिथल्या तिथं मेसेज केला. तिनं वळलेल्या मुठीचं चित्र पाठवलं.

वर आले तेव्हा काकू स्वयंपाकघरात शेंगदाणे भाजत होत्या. मी दारातूनच बातमी दिली. त्यांनी गॅस बारीक केला, पण चमचा फिरवायचा थांबवला नाही.

"म्हणजे मी चालवायचं नाही आता."

मी म्हटलं, उलट, काकू. आता तुम्ही कुठल्याही गटात उतरू शकता.

"कुणाच्या ट्रॅक्टरवर?"

काकूंनी शेंगदाणे ताटात ओतले आणि त्या सालं काढायला बसल्या. फुंकर मारून सालं उडवत त्या शांतपणे सांगत राहिल्या, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. तवा नको होता मला, म्हणाल्या. तव्यासाठी जोहोरला कशाला जाईन, खाली दुकानात मिळतो. तव्याबरोबर सीट मिळायची. वर्षातून एकदा, जेवायच्या सुट्टीत, ती सवत माझ्या हाती यायची. रिकामी पेटी तर रिकामी. चाकाखाली माती दाबली गेली की पायाला कळतं, ते कळायचं. आता प्रत्येक गटात एकच चालक, आणि ट्रॅक्टर ह्यांचा. तू मला सगळी दारं उघडून दिलीस बाई, आणि होती ती खिडकी लावून घेतलीस.

त्या दिवशी मी जेवले नाही. चूक माझी नव्हती, हे मी आजही म्हणते. तो गट खोडायलाच हवा होता. पण बरोबर गोष्ट केल्यावर समोरच्याच्या हातातलं काहीतरी जातं, हे कुठल्याही गुलाबी कागदावर छापलेलं मी वाचलं नव्हतं.

मला उपाय लगेच दिसला. काकांचा ट्रॅक्टर हलक्या गटात उतरायचा आणि लोखंड टांगून वरच्याही. दोन गट, दोन माणसं. एक काकांनी चालवावा, एक काकूंनी. काका जेवणानंतर भांडी घासत होते. त्या घरात भांडी काकाच घासतात, वर्षानुवर्षं, आणि त्याचा कधी गाजावाजा करत नाहीत. पाऊस आला तर माझ्यासाठी छत्री घेऊन स्टेशनवर येतात. मी सह्या मागितल्या त्या प्रत्येक अर्जावर त्यांनी सही केलेली आहे, बहुतेक वेळा न वाचता. त्यांना विचारणं म्हणजे नुसता उपचार, असं मला वाटत होतं.

ते म्हणाले, क्लच फार जड आहे. मग म्हणाले, शैलाचा गुडघा. मग ब्रेक, मग ऊन. मी एकेक कारण खोडत गेले. नोकरीच ती आहे माझी. शेवटी त्यांनी नळ बंद केला, हात पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मुक्ता, वर्षातून एकच दिवस मिळतो गं मला."

मी खोलीत जाऊन पलंगावर बसून राहिले. ह्या माणसाला मी कुठल्या टाइपात छापू? त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. चाळीस वर्षं दुसऱ्यांची जहाजं दुरुस्त केल्यावर त्यांना स्वतःचं एक इंजिन मिळालं होतं. पण काकूंनाही वर्षातून तेवढाच दिवस होता, त्यातलाही दुपारचा तुकडा, आणि तो तुकडा आता कुणाकडेच नव्हता. भिंतीपलीकडे ते दोघं टीव्ही बघत होते. काकू कशावर तरी हसल्या. त्या हसू कशा शकतात हे मला कळेना.

स्पर्धेच्या सकाळी आम्ही तिघं पूल ओलांडून गेलो. काकूंच्या मांडीवर पिशवी, पिशवीत पूजेचं ताट, हळदकुंकू, झेंडू आणि नारळ. यंत्र वर्षाचं मोठं काम करायला निघालं की त्याची पूजा व्हायलाच हवी, ह्याबद्दल सदाशिव पेठ आणि तासगाव ह्यांचं एकमत आहे. माझ्या बाबांनी यंत्रपूजेविरुद्धसुद्धा एक पत्रक काढलं होतं, मी ते वाटलंही होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

मैदानाला लागून एक तेलाची गिरणी आहे. तिचा ट्रक मोजायचा वजनकाटा त्या दिवसापुरता हमीद मागून घेतात. सपाट लोखंडी फलाट, बाजूला केबिन, केबिनमध्ये निळा हिजाब घातलेली एक मुलगी. ती ओळीनं एकेक ट्रॅक्टर चढवून घेत होती. माणसं बिस्किटं खात होती, इंजिनं खोकत होती, पामच्या झावळ्यांवर धुळीचा लाल थर होता. हलक्या गटात काकांचा नंबर आला; वरच्या गटाचं वजन दुपारी व्हायचं होतं. त्यांनी ट्रॅक्टर काट्यावर घेतला, थांबवला, आणि त्यांच्या लक्षात आलं की पूजा राहिली.

काकू ताट घेऊन पुढं झाल्या. चाकाला कुंकू लागलं, रेडिएटरवर झेंडू आले. राहिला नारळ. आमच्यात नारळ बायका फोडत नाहीत. का, ते कुणी सांगत नाही. पण फोडत नाहीत. तेव्हा काकांनाच उतरावं लागणार. आणि त्या ट्रॅक्टरचा हातब्रेक नावापुरता असल्यामुळे पायाचा ब्रेक कुणीतरी दाबून धरणं भाग होतं. काका म्हणाले, "शैला, जरा बस वर. पाय ठेव फक्त."

काकूंनी साडीचा पदर खोचला आणि त्या चढल्या. ब्रेकवर पाय ठेवला. काका काट्याच्या कडेला, काँक्रीटवर, वाकून नारळाची शेंडी सोलत होते. केबिनमधल्या मुलीला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं पाहिलं: ट्रॅक्टर काट्यावर, सीटवर माणूस, आकडा स्थिर. तिनं खिडकीतून डोकं काढून विचारलं, "ड्रायव्हर?"

काकूंनी वळून तिच्याकडे पाहिलं. मग समोर पाहिलं, स्टिअरिंगवर हात ठेवला.

"येस," त्या म्हणाल्या. "शैला."

खाली काकांनी नारळ आपटला. पाणी उडालं. मुलीनं नाव लिहिलं, चिठ्ठी फाडली, आणि हात हलवून पुढच्या ट्रॅक्टरला बोलावलं.

काकूंचं ते 'येस' नकळत गेलं की समजून, हे मी त्यांना आजवर विचारलेलं नाही. मी चार पावलांवर उभी होते.

काकांना आधी हसूच आलं. अहो, मी नारळ फोडायला उतरलो होतो, पुन्हा घ्या वजन. मुलीनं अंकल टॅनकडे बोट दाखवलं. अंकल टॅननी खिशातून नियम काढले, गंभीर चेहऱ्यानं चष्मा लावला. त्या नियमासाठी ते एक वर्ष थांबले होते. "ब्रदर," ते म्हणाले, "हू सिट, हू पुल. रूल इज रूल लाह."

काका माझ्याकडे वळले. त्यांच्या हातात नारळाची दोन भकलं होती, मनगटावरून पाणी ओघळत होतं. "मुक्ता, सांग ना त्यांना. तू लिहिलायस तो."

आयुष्यभर मला वाटत आलं होतं की असा क्षण आला तर माझा आवाज खणखणीत निघेल. तो निघाला नाही. समोर कुणी पुढारी नव्हता, मालक नव्हता. माझी छत्री धरणारा माणूस होता.

"काका, नियम सगळ्यांना एकच," मी म्हटलं. मला स्वतःला जेमतेम ऐकू आलं.

काकांनी मान हलवली. दोन्ही भकलं ताटात नीट ठेवली आणि ते पामच्या सावलीत जाऊन बसले. ट्रॅक्टरवरून काकू त्यांच्याकडे बघत होत्या. मला वाटलं, आता उतरतील. त्यांच्या पिढीच्या बायका अशा वेळी उतरतात; माझी आईसुद्धा, एवढी पत्रकं काढून, दोनदा उतरलेली मी पाहिली आहे. काकूंनी ब्रेकवरचा पाय काढला आणि ट्रॅक्टर काट्यावरून खाली घेतला.

त्यांची ओढ मला आवाजानं आठवते. सुरुवातीला इंजिन गुणगुणल्यासारखं. हुक अडकला, साखळी ताणली गेली, स्लेज हलली. काकू सरळ बसल्या होत्या, एक हात स्टिअरिंगवर, मान किंचित कलती, कुणाचंतरी बोलणं ऐकत असल्यासारखी. मागं पेटी सरकायला लागली तसा आवाज खाली उतरत गेला, जाड होत गेला. काळा धूर सरळ वर. पुढची चाकं हलकी होऊन जमिनीला नुसती टेकत होती, आणि काकू ती स्टिअरिंगनं थोपटत होत्या. काठावरची माणसं बिस्किटं विसरली होती. आदल्या वर्षी काका जिथं अडले होते तिथं कुंपणाला एक मोडका खांब आहे. ट्रॅक्टर त्या खांबाशी आला. माझ्या जागेवरून तो खांबाच्या अलीकडे आहे की पलीकडे, नीट दिसत नव्हतं. मागची चाकं माती उकरायला लागली, इंजिन गुदमरलं. आता क्लच दाबून थांबायचं.

क्लच खरंच जड होता. काकांचं ते कारण खोटं नव्हतं. सीट काकांच्या उंचीला लावलेली. काकूंचा पाय पोचला, पण पेडल खाली जाईना. मग त्यांनी तेच केलं जे तासगावला मुलगी असताना करत असणार: सीटवरून उठल्या आणि सगळं अंग त्या पायावर टाकलं.

ट्रॅक्टर थांबला. हमीदनी लाल झेंडा वर केला.

बूड उचललं की बाद.

मी धावत गेले. कुंपण कसं ओलांडलं ते आठवत नाही. मी हमीदना, अंकल टॅनना, ऐकेल त्याला सांगत होते की सीट पुरुषाच्या मापाची आहे, पेडल पुरुषाच्या पायाचं आहे, हा नियम वरून समान आहे आणि आतून नाही, मी लेखी तक्रार करणार. ते सगळं खरं होतं. काकू ट्रॅक्टरवरून उतरल्या, घामानं भिजलेल्या, कपाळावरचं कुंकू नाकापर्यंत ओघळलेलं. त्यांनी माझा दंड धरला.

"गप्प बस जरा. लाल झेंडा मला दाखवलाय, तुला नाही."

आणि त्या मैदानाच्या टोकाला असलेल्या फळ्याकडे चालू लागल्या. हमीद खडूनं लिहीत होते. हलका गट. टॅन, पुढं अंतर. आणखी कुणीतरी, पुढं अंतर. शैला, आणि पुढं अंतराच्या जागी 'बाद' ह्या अर्थाची दोन इंग्रजी अक्षरं. काकू त्या फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, फोटो काढ. मला वाटलं माझी थट्टा चाललीय. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, त्या दोन अक्षरांकडे बोट दाखवलं आणि दात दिसतील अशा हसल्या.

"इतकी वर्षं जिंकत होते," त्या म्हणाल्या, "कुणी टेप घेऊन आलं नाही की झेंडा घेऊन उभं राहिलं नाही. सीटवर बसले काय, उभी राहिले काय, नाचले काय. आज पहिल्यांदा मला कुणीतरी बाद केलं."

मी फोटो काढला. तो हललेला आला आहे. त्यात त्यांचं बोट तीन जागी दिसतं.

आता हे लिहिताना मी खिडकीतून खाली बघते आहे. ब्लॉकच्या कोपऱ्यात म्हाताऱ्यांसाठी व्यायामाची यंत्रं आहेत, आणि त्यांतल्या पायानं ढकलायच्या यंत्रावर काकू बसल्या आहेत. त्या वर्षभर रोज ते यंत्र ढकलताहेत. शेजारच्या यंत्रावरची आंटी त्यांना काहीतरी सांगतेय. गवत पिवळं आहे. मी यंदाच्या नियमांत एक ओळ घालू पाहतेय, सीट चालकाच्या मापानं पुढं-मागं करायला परवानगी असावी अशी, आणि ती पास होईल की नाही मला माहीत नाही. अंकल टॅन म्हणतात, मग जुना ट्रॅक्टर जुना कसा राहील. हा प्रश्न बिनडोक नाही, हेच मला जास्त त्रास देतं.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं.

फोटो काढून आम्ही वळलो तर मैदानात काका. सावलीतून उठून ते ट्रॅक अडवून उभे होते, जिथं चाकांनी माती उकरली होती तिथं. हातात मोजायची लांब टेप. एक टोक त्यांनी सुरुवातीच्या रेषेशी दगडाखाली दाबून आणलं होतं आणि टेप सोडत सोडत ते त्या खड्ड्यापर्यंत आले होते. बाद झालेल्याचं अंतर मोजत नाहीत. हे त्यांना माहीत होतं. मी लिहिलेलं नसलं तरी सगळ्यांना माहीत होतं. पलीकडे मैदान सपाट करणारा छोटा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत थांबला होता.

काकूंनी लांबूनच हाक मारली. अहो, काय करताय.

"फक्त बघतो," काका म्हणाले. त्यांची नजर मोडक्या खांबाकडे जात होती आणि परत खड्ड्याकडे. इतक्या वर्षांत तवा मिळाला तेव्हा, छत्री मिळाली तेव्हा, त्यांनी कधी असं वाकून मातीकडे पाहिलं नव्हतं.

काकू जवळ गेल्या. "बाद आहे ते. बादचं मोजायचं नसतं."

"फळ्यावर नाही गं लिहीत. माझ्यापुरतं."

"तुमच्यापुरतं तर मुळीच नाही," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी त्या ट्रॅक्टरवाल्याला हात करून पुढं यायला सांगितलं.

तो आला. काकांना दोन पावलं मागं सरावं लागलं. मागच्या पात्यानं उकरलेली माती ओढली, खड्डा भरला, चाकांच्या रेघा पुसल्या, आणि खांबाच्या अलीकडची आणि पलीकडची जमीन एकसारखी तांबडी, गुळगुळीत झाली. काकू ताटातलं एक भकल उचलून खोबरं काढत शेडकडे निघाल्या. काका तिथंच उभे होते, टेप तशीच उघडी धरून.